पोखरल्याशिवाय हाड वाढत नाही

एका पाच महिन्यांच्या मुलीची हकिगत १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले डॉक्टर तिच्यावर उपचार करत होते. तिची हाडं भरत होती, नुसती भरतच चालली होती. मांडीच्या हाडासारख्या लांब हाडाच्या पोटात जी पोकळी असते, जिच्यातल्या अस्थिमज्जेत रक्त तयार होतं, ती पोकळीच तिच्या हाडांत नीट धरत नव्हती. मज्जेला जागा नाही, म्हणून अंगात रक्त नाही, प्लेटलेट्स नाहीत. या आजारात कवटीतून डोळ्यांकडे आणि कानांकडे जाणाऱ्या नसांच्या वाटाही आवळत जातात आणि मूल आंधळं, बहिरं होऊ शकतं. एक्स-रेवर अशी हाडं पांढरीशुभ्र, एकसंध दिसतात. हांबुर्गचे क्ष-किरणतज्ज्ञ आल्बर्स-शोनबर्ग यांनी १९०४ मध्ये हे चित्र नोंदवलं. वैद्यकात या आजाराचं नाव ऑस्टिओपेट्रोसिस. बोलताना डॉक्टर संगमरवरी हाडांचा आजार म्हणतात. गंमत अशी की एवढं भरीव हाड खडूसारखं ठिसूळ असतं, पटकन मोडतं.

मिनेसोटाच्या डॉक्टरांनी हाडांना हातच लावला नाही. मुलीच्या भावाची अस्थिमज्जा तिच्याशी जुळत होती, ती त्यांनी तिला दिली. बारा आठवड्यांत रक्त सुधारलं. पुढच्या एक्स-रेंमध्ये हाडं आतून मोकळी होताना दिसू लागली. मग हाडाचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हाड बांधणाऱ्या पेशी मुलीच्याच होत्या. हाड पोखरणाऱ्या पेशींमध्ये मात्र वाय गुणसूत्र सापडलं. त्या भावाकडून आल्या होत्या.

म्हणजे हाड बांधणारे स्थानिक, पोखरणारे रक्तातून आलेले. हे पोखरणारे, ऑस्टिओक्लास्ट नावाचे, ज्या घराण्यातले आहेत त्याच घराण्यात जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफाज पेशी जन्मतात. शरीराच्या संरक्षणासाठी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्याच सख्ख्या भावंडांशिवाय लहान मुलाचं हाड धड वाढू शकत नाही. या लेखाला कारण झालं ते एवढंच. प्रतिकारशक्तीवर आपल्याकडे, विशेषतः करोनानंतर, खूप लिहिलं गेलं. ते जवळपास सगळं युद्धाच्या भाषेत आहे: सैनिक, हल्ला, तटबंदी, शत्रू. शाळेतल्या पुस्तकातही पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. या चित्रानं आपली एक मोठी गोष्ट पाहायची राहून गेली, असं माझं मत झालं आहे. या पेशींचं रोजचं काम लढाईचं नसतं. ते घडणीचं असतं, आणि घडणीतल्याही अशा भागाचं, जो आपल्याला बांधकाम वाटतच नाही.

हाड, कास्थी, स्नायूंना हाडाशी जोडणारे स्नायुरज्जू, सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध, त्वचेचा खालचा जाड थर, अवयवांमधलं भरण या सगळ्यांना जीवशास्त्रात संयोजी ऊती म्हणतात. यांत पेशी थोड्या आणि पेशींनी बाहेर विणून ठेवलेलं जाळं जास्त. जाळ्यातला मुख्य धागा कोलॅजेन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा एकट्या कोलॅजेनचा. वाढत्या वयात हे जाळं सतत मोठं व्हायला हवं, तेही आकार सांभाळून. अडचण इथेच आहे. एकदा विणलेला कोलॅजेनचा धागा चिवट असतो. तो आपोआप ताणून मोठा होत नाही. मोठं करायचं तर जुनं उसवावं लागतं.

हाडाच्या बाबतीत हे पहिल्यांदा लक्षात आलं ते जेवणाच्या टेबलावर. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चिअर एका कापड छापणाऱ्या कारखानदाराकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातलं हाड लाल होतं. चौकशी केली तर कळलं, की मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीच्या लाल रंगात छापलेलं कापड साफ करायला वापरलेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला होता. बेल्चिअरनी १७३६ मध्ये ही गोष्ट रॉयल सोसायटीला कळवली. पुढे फ्रान्समध्ये दुहामेल आणि इंग्लंडमध्ये जॉन हंटर यांनी प्राण्यांना हा रंग काही काळ देऊन, मग थांबवून, हाडांचे छेद पाहिले. रंग चालू असताना जे नवं हाड बनतं तेवढंच लाल होतं, म्हणून कुठे भर पडली ते स्पष्ट दिसतं. भर बाहेरून पडत होती. पण हाडाची भिंत मात्र जाड होत नव्हती आणि आतली पोकळी रुंदावत होती. हंटरनी अनुमान काढलं, की बाहेरून घालणं आणि आतून काढणं एकाच वेळी चालू असलं पाहिजे. काढतं कोण, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्या मोठ्या, पुष्कळ केंद्रकांच्या पेशी हे काम करतात, हे स्विस शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांनी १८७३ मध्ये मांडलं आणि नावही दिलं.

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी चुकली तर वेल वाढतो खरा, पण त्याचं नुसतं गचपण होतं. हाडाचं तसंच. लहान मुलाच्या मांडीच्या हाडाचं टोक रुंद असतं. हाड लांब होतं तेव्हा कालचं टोक आजची कंबर होते, आणि कंबर अरुंद हवी. म्हणजे रोज बाहेरूनही तासायचं, आतूनही पोखरायचं. तासणाऱ्यांनी संप केला तर हाडाचं टोक सोट्यासारखं जाड राहतं, आणि ऑस्टिओपेट्रोसिसच्या मुलांच्या एक्स-रेंमध्ये नेमकं तेच दिसतं.

ऑस्टिओक्लास्टची रीत पाहण्यासारखी आहे. ती हाडाला कडेनं घट्ट चिकटते, मधे एक बंद कप्पा करते आणि त्यात आम्ल सोडते. आम्लानं हाडातलं खनिज विरघळतं. मागे उरलेला कोलॅजेन कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम कापून काढतं. आम्ल सोडणाऱ्या पंपाचा एक भाग ज्या जनुकावर अवलंबून असतो, त्यातला दोष हा या आजाराच्या लहान मुलांतल्या तीव्र प्रकाराचं सगळ्यांत मोठं कारण आहे. पेशी असतात, पुष्कळ असतात. पण त्यांच्या तोंडाला चव नसते म्हणावं तशा त्या हाडावर नुसत्या बसून राहतात. मिनेसोटाच्या मुलीतही मज्जा देण्याआधी असंच दिसलं होतं: पेशी भरपूर, काम शून्य.

मज्जा देण्याची कल्पना काही आकाशातून पडली नव्हती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डोनाल्ड वॉकर १९७० च्या दशकात याच आजाराच्या उंदरांवर काम करत होते. त्यांनी आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर शेजारी शेजारी शिवले, जेणेकरून दोघांचं रक्त एकत्र वाहील. काही काळानं वेगळे केले. आजारी उंदराची हाडं बरी झाली. १९७५ मध्ये त्यांनी शिवण्याऐवजी निरोगी उंदराच्या मज्जेतल्या आणि पांथरीतल्या पेशी दिल्या, तरी तोच परिणाम. पांथरी म्हणजे तर रक्ताचं आणि प्रतिकाराचं ठाणं. तिथल्या पेशी हाड दुरुस्त करतात हे पटायला काहींना जड गेलं असणार. पाच वर्षांनी त्या मुलीच्या हाडातल्या वाय गुणसूत्रानं प्रश्न मिटवला.

अर्थात मज्जा सगळ्यांना उपयोगी पडत नाही. काही मुलांमध्ये पोखरणाऱ्या पेशींत दोषच नसतो. त्यांना बोलावणारा निरोपच शरीर पाठवत नाही. निरोप पाठवायचा असतो हाडाच्या बाजूच्या पेशींनी, आणि त्या मज्जेबरोबर बदलत नाहीत. अशा मुलांचे जनुकदोष २००७ मध्ये सापडले. तेव्हापासून प्रत्यारोपणाआधी नेमका कोणता दोष आहे हे पाहणं महत्त्वाचं झालं.

या निरोपाची कथा निराळीच आहे. १९९७ च्या सुमारास प्रतिकारशास्त्राच्या लोकांना टी पेशींवर एक रेणू सापडला. १९९८ मध्ये हाडाच्या अभ्यासकांच्या दोन गटांनी ऑस्टिओक्लास्ट घडवणारा रेणू शोधून काढला. एक गट अमेरिकेतल्या अ‍ॅमजेन कंपनीचा, दुसरा जपानमधल्या स्नो ब्रँड या दूधउत्पादक कंपनीच्या प्रयोगशाळेचा. ताडून पाहिलं तर सगळे एकाच रेणूबद्दल बोलत होते. त्याचं नाव रँक लायगँड. पुढच्याच वर्षी हा रेणू नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांची हाडं संगमरवरी झाली, दात आले नाहीत, आणि त्यांच्या अंगात लसिका ग्रंथीच, म्हणजे आपण ज्यांना अवधाण म्हणून ओळखतो त्या गाठी, तयार झाल्या नाहीत. माद्यांमध्ये गर्भारपणात दूध देण्याजोगे स्तन विकसित होत नाहीत, हेही लवकरच कळलं. हाड, प्रतिकार आणि दूध यांना एकाच रेणूचा आधार. आपण विषय वेगळे केले, विभाग वेगळे केले, परीक्षा वेगळ्या घेतल्या. शरीरानं तसं काही केलेलं नाही. आज म्हाताऱ्या माणसांची हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन याच रेणूला अडवतं. २०१० मध्ये ते अमेरिकेत मान्य झालं, आता भारतातही मिळतं.

वाढत्या मुलाच्या बाबतीत मात्र पोखरणं अडवताना हात आखडताच हवा. २००३ मध्ये अमेरिकेतून एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद आली. ऑस्टिओक्लास्टला थोपवणारं पॅमिड्रोनेट हे औषध त्याला गरजेपेक्षा फार जास्त दिलं गेलं होतं. जनुकं निरोगी असूनही त्याला औषधानंच ऑस्टिओपेट्रोसिस झाला होता.

दातांचा उल्लेख वर आला, त्यावर थोडं थांबायला हवं. बाळाला दात येतो तेव्हा आपल्याला वाटतं, दात हाडाला रेटून वर येतो. बाळाचा त्रास पाहिला तर तसं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेतले केहिल आणि मार्क्स यांनी कुत्र्याच्या पिल्लांच्या जबड्यात न उगवलेला दात काढून, त्याभोवतीची संयोजी ऊतीची पिशवी तशीच ठेवून, आत दातासारखी धातूची प्रतिकृती बसवली. ती प्रतिकृतीही वेळेवर उगवून आली. उलट पिशवी काढली आणि खरा दात ठेवला तर दात जागचा हलत नाही. पिशवी करते काय? ती रासायनिक निरोप पाठवून रक्तातल्या मोनोसाइट पेशी बोलावते. त्या एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट होतात आणि दाताच्या डोक्यावरचं हाड पोखरून वाट करून देतात. हा निरोप म्हणजे सीएसएफ-१ हे प्रथिन. ते ज्या उंदरांत जन्मतः नसतं, ते बोळकेच राहतात.

या पेशी येतात कुठून, याचं उत्तर अलीकडे आणखी मागे गेलं. न्यूयॉर्कमधल्या फ्रेडरिक गाइसमान यांच्या प्रयोगशाळेनं २०१९ मध्ये दाखवलं, की उंदराच्या वाढीच्या काळात लागणारे ऑस्टिओक्लास्ट गर्भावस्थेत, मज्जा तयार होण्याआधी, निर्माण झालेल्या पूर्वज पेशींपासून येतात. नंतर आयुष्यभर रक्तातल्या मोनोसाइट एकेक करून त्यांत येऊन मिसळतात आणि त्यांना चालू ठेवतात. याचा अर्थ ही पेशी मरून नवी येत नाही; तिच्यात नवं रक्त भरती होत राहतं.

आता हाड सोडून मऊ ऊतींकडे. तिथली गोष्ट कमी माहीत आहे, पण मला ती जास्त रंजक वाटते, कारण तिथे या पेशी नुसत्या खात नाहीत.

इल्या मेचनिकोफ यांचं नाव घ्यायलाच हवं. हे डॉक्टर नव्हेत, प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भटक्या पेशी काट्याभोवती जमलेल्या पाहिल्या. भक्षक पेशींचा सिद्धान्त तिथून निघाला, १९०८ चं नोबेल त्यावरच मिळालं. पाठ्यपुस्तकात हे एवढंच येतं, म्हणून सैनिकाचं चित्र पक्कं होतं. पण मेचनिकोफनी बेडकाच्या पिल्लाची शेपूटही पाहिली होती. पिल्लाचं बेडकात रूपांतर होताना शेपूट नाहीशी होते, आणि तिचे अवशेष याच भक्षक पेशी गिळतात. तिथे जंतू नाही, काटा नाही, जखम नाही. वाढत्या शरीराचं नेहमीचं काम आहे. त्यांच्या विचारात हे आणि जंतू गिळणं ही एकाच स्वभावाची दोन रूपं होती. नंतरच्या शतकानं एक रूप घेतलं आणि दुसरं कपाटात ठेवलं.

ते कपाट उघडलं ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, स्तनांच्या वाढीच्या अभ्यासातून. आल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या जेफ्री पोलार्ड यांच्या गटानं २००० मध्ये दाखवलं, की वयात येणाऱ्या उंदराच्या मादीच्या स्तनातल्या दुधाच्या नळ्या लांब होण्यासाठी आणि फुटण्यासाठी मॅक्रोफाज आणि इओसिनोफिल लागतात. इओसिनोफिल हा शब्द मराठी घरांत सर्दी-दम्याच्या रक्ततपासणीमुळे पोहोचलाच आहे. ‘इओसिनोफिल वाढलेत’ हे वाक्य ऐकलं नाही असं घर विरळा. ज्या पेशींचं नाव आपण फक्त अ‍ॅलर्जीच्या संदर्भात घेतो, त्या वयात येताना नळीच्या वाढत्या टोकाच्या शेंड्याशी उभ्या असतात. २००६ मध्ये याच गटानं पुढचा भाग मांडला: नळीच्या टोकाच्या मानेशी मॅक्रोफाज गोळा होतात, आणि तिथे कोलॅजेनचे लांब धागे नीट लागण्यासाठी त्यांची गरज असते. मॅक्रोफाज नसले की धागे कमी आणि टोकाचा आकार बिघडलेला. म्हणजे इथे खाणारी पेशी विणकामाला हातभार लावते.

त्वचेत मॅक्रोफाज कोलॅजेनचे तुकडे मॅनोज रिसेप्टर नावाच्या आकड्यानं ओढून घेतात आणि आत पचवतात; २०१३ मध्ये हे जिवंत प्राण्याच्या त्वचेत पाहिलं गेलं. धमन्यांच्या बाहेरच्या आवरणातले मॅक्रोफाज कोलॅजेन आटोक्यात ठेवतात, नाहीतर धमनी ताठर होते. हे सिंगापूरचं, २०१८ चं काम. आणि २०२५ मध्ये तर ‘नेचर’मध्ये अशी नोंद आली, की उंदराच्या निरोगी त्वचेतले काही न्यूट्रोफिल स्वतःच कोलॅजेन तयार करतात आणि त्वचेची तटबंदी घट्ट करतात. न्यूट्रोफिल म्हणजे सैनिकांतले सैनिक, जंतूवर सर्वांत आधी धावणारे आणि थोडक्या आयुष्याचे. त्यांनी विणकाम करावं हे दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर हसू आलं असतं.

हे सगळं आवरतं कसं, हा खरा प्रश्न. फायब्रोब्लास्ट कोलॅजेन विणतात, मॅक्रोफाज त्यांना चिथावतात आणि नको ते गिळतात; मग दोघं वाढतच का जात नाहीत? येल विद्यापीठातल्या रुस्लान मेदझितोव यांच्या गटानं २०१८ मध्ये या दोनच पेशी एका बशीत ठेवून पाहिल्या. फायब्रोब्लास्ट सीएसएफ-१ देतात, तेच जे दाताची पिशवी देते, आणि त्यावर मॅक्रोफाज जगतात. मॅक्रोफाज पीडीजीएफ नावाचं दुसरं प्रथिन देतात आणि त्यावर फायब्रोब्लास्ट वाढतात. फायब्रोब्लास्टना जागेची मर्यादा असते. दाटी झाली की त्यांची वाढ थांबते. मॅक्रोफाजना मर्यादा फक्त सीएसएफ-१ ची. एवढ्या साध्या देवाणघेवाणीतून दोघांचं प्रमाण ठरावीक जागी येऊन स्थिरावतं, सुरुवातीचं प्रमाण वेगवेगळं असलं तरी. ऊतीला वरून हुकूम सोडणारा कुणी लागत नाही.

स्थिरावतं, पण बिघडतंही. आणि इथे मराठी मुलखाचा खरा संबंध येतो. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये टाळू आणि घशाजवळच्या आवरणाखाली तंतू साठत जाऊन तोंड उघडेनासं होण्याचा आजार नोंदवला. त्याआधी १९५२ मध्ये केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये तो दिसला होता. आज त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि कारण कुणालाही सांगावं लागत नाही: सुपारी, आणि तिच्या जिवावर चालणारा गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर उभं राहिलेल्या माणसाला तिचा प्रभाव वेगळा मोजावा लागतो. दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत रोग्याला तोंडात उभी तीन बोटं घालून दाखवायला सांगतात. दोन जात असतील, एक जात असेल, त्यावरून आजार कुठवर आला ते कळतं.

सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टना चिथावतं, तिच्यातलं तांबं कोलॅजेनचे धागे एकमेकांत पक्के अडकवणाऱ्या एन्झाइमला जोर देतं, आणि सतत चघळण्यानं होणारा दाह तिथे पांढऱ्या पेशींची वर्दळ ठेवतो. यातलं विणण्याचं अंग नेहमी सांगितलं जातं. उसवण्याचं अंग कमी सांगितलं जातं: अशा रोग्यांच्या फायब्रोब्लास्टची कोलॅजेन गिळून टाकण्याची क्षमताच घटलेली आढळली आहे. आवरण आक्रसतं ते जास्त विणल्यानं, तसं काढून न टाकल्यानंही. स्टेरॉइडची आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं, तोंडाचे व्यायाम, शस्त्रक्रिया यांनी थोडा आराम पडतो. साचलेलं पूर्ण परत फिरत नाही, आणि या आजारातून कर्करोग होण्याचा धोका डोक्यावर राहतो.

साचलेलं परत फिरवता येईल का, याची वाट यकृताच्या अभ्यासात दिसू लागली आहे. एडिंबरा विद्यापीठात २००५ मध्ये उंदरांवर एक फार महत्त्वाचा प्रयोग झाला. यकृताला इजा चालू असताना मॅक्रोफाज काढून टाकले, तर व्रणाचे तंतू कमी साठले. इजा थांबवल्यावर, यकृत सावरत असताना तेच मॅक्रोफाज काढले, तर साठलेले तंतू तसेच राहिले. एकाच पेशीकडे दोन्ही कामं. कधी कोणतं, हे वेळेवर ठरतं. ‘दाह दाबा’ या एका सल्ल्यात हा फरक मावत नाही, आणि दाह दाबणारी औषधं आपण सरसकट वापरतो तेव्हा कोणत्या टप्प्यावर आहोत हे फार क्वचित विचारतो.

त्याच शहरात पुढे माणसांवर चाचणी सुरू झाली. यकृताचा सिरोसिस झालेल्या रोग्यांच्या रक्तातल्या मोनोसाइट वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांचे मॅक्रोफाज होऊ द्यायचे आणि शिरेतून त्याच रोग्याला परत द्यायचे. २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याचा अहवाल आला: नऊ रोगी, आणि उपचारामुळे कुणालाही गंभीर त्रास नाही. तो टप्पा फक्त सुरक्षिततेचा होता. साठलेले तंतू या पेशी खरोखर किती गिळतात, हे तपासायचं काम पुढच्या टप्प्यांवर सोपवलेलं होतं.